सायकलवरचा निरोप

तो माणूस उठून उभा राहिला तेव्हा मला आधी रागच आला.

एकतीस गावं फिरून झाली होती आणि या जागी आजवर कुणी उठलं नव्हतं. तंबाखू थुंकायला नाही, रडणारं मूल बाहेर न्यायलाही नाही. 'बाप म्हणाला, उद्या येतो' हे वाक्य संपलं की मी गप्प व्हायचे आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्या वेळात सगळा सभामंडप चिडीचूप असायचा. खोटं कशाला बोलू, त्या शांततेची मला चटक लागली होती. कातरवाडीच्या मारुतीच्या देवळात त्या दुपारी मी जेमतेम चारपर्यंत आले होते, आणि पुरुषांच्या बाजूला खांबाशेजारी बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

म्हातारा म्हणजे पंचावन्नचा असेल. मी पंचवीसची होते, मला तेव्हा सगळेच म्हातारे वाटत. अंगात मळकी बंडी, डोक्याला पटका. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या घरातून काहीतरी उचलून आणलं होतं.

"कुनी सांगितलं तुमास्नी ह्ये?" त्यानं विचारलं.

आता ही गोष्ट कुठली आणि मी ती का सांगत फिरत होते, ते आधी सांगायला हवं.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी साताऱ्यातल्या एका लहानशा संस्थेत लागले होते. काम असं, की गावोगाव जाऊन लोकांना सांगायचं, साप चावला तर माणसाला देवळात ठेवू नका, मांत्रिकाची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. माझ्यासोबत मुल्ला गुरुजी असत. प्राथमिक शाळेत सदतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. कार्यक्रमात ते एक शब्द बोलत नसत. त्यांचं काम सगळ्यात मागे बसायचं. मांडीवर दोनशे पानी वही आणि हातात पेन्सिल. मी बोलत असताना कोण कुठे चुळबुळलं, कोण खोकलं, कुणाची नजर दाराबाहेर गेली, त्याची ते वहीत खूण करत. परतीच्या एसटीत आम्ही ती वही उघडायचो.

"चुळबुळ झाली तिथं धडा मेला," गुरुजी म्हणायचे. "पोरांचं आणि थोरांचं या बाबतीत काही वेगळं नसतं. तिथं काहीतरी कर."

सुरुवातीला मी आकडे सांगायचे. देशात वर्षाला किती जण सापानं मरतात, त्यातले किती वाचू शकले असते. गुरुजींचं पान खुणांनी भरून जायचं. एका गावात तर माझं बोलणं चालू असतानाच दोघांनी बैलजोडीचं बोलणं उरकून घेतलं. मला अपमान वाटे. इतकं महत्त्वाचं सांगतेय आणि यांना बैल सुचतात, म्हणून मी चरफडायचे.

मग शेजारच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी चहा पिता पिता एक केस सांगितली. एकोणीस वर्षांची सून. भुईमूग उपटताना सकाळी आठच्या सुमाराला पायाला नाग चावला. घरच्यांनी गावच्या देवळात नेऊन ठेवली. दुपारी अडीचला दवाखान्यात आणली तेव्हा संपलेली होती. डाव्या घोट्याच्या वर चोळीच्या खणाची एक पट्टी करकचून बांधलेली होती, ती डॉक्टरांच्या लक्षात राहून गेली होती. नाव-गाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्याजवळ खरं असं एवढंच होतं.

मी तिला शालन असं नाव दिलं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा वहीत सात खुणा पडल्या. पट्टीपाशी तर लोक सरळ प्रश्नच विचारू लागले, घट्ट बांधायची का सैल, गुडघ्याच्या वर का खाली, आणि गोष्ट तिथंच सांडली. "पट्टी काढून टाक," गुरुजी म्हणाले. मी काढली. तिच्या जागी कडुलिंबाचा पाला घातला. साप चावलेल्याला पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष भिनलेलं नाही, असं आपल्याकडे मानतात ना? तर शालन म्हणते, कडू लागतोय, आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तिथल्या खुणा गेल्या. पुढे सासू घातली, सासूच्या तोंडी दोन वाक्यं घातली. आणखी दोन खुणा गेल्या.

तरी शेवटाकडे, शालन देवळात पडून असते तिथं बायका उठायच्या. त्यांच्या चुली पेटायच्या असत. सतराव्या गावात अशाच त्या पदर सावरून उठायला लागल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "शालन म्हणाली, माझ्या आबांना बोलवा." उठणाऱ्या बायका होत्या तिथंच खाली बसल्या. मग मी पुढे रेटलं. सासरचा माणूस सायकल घेऊन तिच्या माहेरी गेला. तो बापाला काय म्हणाला असेल? आपल्याकडे वाईट निरोप कुणी सरळ देत नाही. माणूस गेलेलं असलं तरी 'जरा बरं नाही' असंच सांगतात, ऐकणाऱ्यानं एकदम हाय खाऊ नये म्हणून. तेच मी त्याच्या तोंडी घातलं. 'पोरीला जरा बरं नाही, बोलावलंय.' आणि बाप म्हणाला, 'उद्या येतो.'

पुढे शालन देवळाच्या दाराकडे तोंड करून बापाची वाट बघत राहते आणि वाट बघतच जाते. दवाखाना तिथून पाच मैलांवर असतो. संपली गोष्ट.

त्या संध्याकाळी एसटीत गुरुजींनी वही उघडली. शेवटच्या भागाचं पान कोरं होतं.

"हा निरोप कुठून आला?" त्यांनी विचारलं.

"सुचला."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "राहू दे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पायाला साप चावला तर लोक ऐकतात आणि उठून जातात. स्वतःवर आलं की माणूस हलत नाही."

मी फुशारले. पुढच्या चौदा गावांत तो निरोप एकदाही चुकला नाही. कुठं किती थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. बायका डोळे पुसत, पुरुष जमिनीकडे बघत, आणि मला वाटे, आपल्याला काहीतरी सापडलंय बुवा.

तर कातरवाडीत तो म्हातारा उभा होता आणि विचारत होता, कुनी सांगितलं.

हा मांत्रिकाच्या बाजूचा असणार, असं मी धरून चालले. असे एखाद-दोघं भेटत. त्यांच्यासाठी माझं उत्तर तयार होतं.

"काका, ही खरी घडलेली गोष्ट आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दवाखान्यात नोंद आहे याची."

"निरोपाची बी नोंद हाय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हैबती, बस की खाली. ताईंचं होऊ दे."

हैबती बसला नाही. मला इथं गप्प बसता आलं असतं. 'बसा काका, नंतर बोलू' म्हणता आलं असतं. पण साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझी शांतता या माणसानं मोडली होती.

"सगळ्याची नोंद आहे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. सावकाश, दोनदा. मग तो म्हणाला, "पायाला खनाची पट्टी बांधली व्हती. डाव्या. ती न्हाई सांगितली तुमी."

माझ्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायला मी वाकले ती लवकर उठलेच नाही, कारण वर बघायची हिंमत होईना. पट्टी मी बाराव्या-तेराव्या गावापासून सांगतच नव्हते. कातरवाडीत ती मला आणि गुरुजींना सोडून कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. उठले तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली होती. एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, "मंदीचंच की गं ह्ये. हैबतीच्या मंदीचं." आणि त्या घोळक्यात एक बाई डोईवरचा पदर दोन्ही हातांनी धरून, डोळ्याची पापणीही न हलवता माझ्याकडे बघत होती.

गुरुजी मागून पुढे आले. इतक्या गावांत पहिल्यांदाच ते लोकांशी बोलले. "आजचं एवढंच," ते म्हणाले. "साप चावला तर दवाखाना. बाकी काही लक्षात ठेवू नका."

लोक पांगले. हैबती केव्हाच निघून गेला होता. मी सापांच्या चित्रांचे तक्ते गुंडाळत होते. तेवढ्यात ती बाई समोर येऊन उभी राहिली.

"मी हौसा," ती म्हणाली. "हैबती काटकराच्या घरातली. ताई, च्याला चला घरी."

"आमची गाडी आहे साडेपाचला," मी म्हणाले.

"तवर व्हतोय च्या."

तिच्या आवाजात विनंती नव्हती आणि रागही नव्हता. ती पुढे चालायला लागली. आम्ही मागून निघालो. बाभळीच्या कुंपणाकडेनं वाट होती, आणि कुठं कुठं अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या होत्या.

"काय सांगणार आहेस?" गुरुजींनी हळू आवाजात विचारलं.

"खरं ते सांगणार."

"खरं म्हणजे कुठलं?"

चार पावलं गेल्यावर तेच म्हणाले, "त्या सतराव्या गावचं पान कोरं होतं ना? तू खूश झालीस. लोक हलले नाहीत, एवढंच त्याचं कारण नव्हतं. मीच खूण करायची विसरलो होतो."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझा थोरला भाऊ गेला तेव्हा असाच निरोप आला होता शाळेत. 'भाईंना जरा बरं नाही.' मी म्हटलं, वर्ग सुटला की निघतो. चौथीची परीक्षा होती." ते तेवढ्यावर थांबले आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. "तुला ते सुचलं, असं तुला वाटतं. अगं, अर्ध्या गावाला असा निरोप येऊन गेलेला असतो."

याला आता तीस वर्षं झाली. त्या दिवसानंतर ती गोष्ट मी कुठल्याही देवळात, कुठल्याही शाळेत सांगितली नाही. घरी नवऱ्यालाही नाही. आज सांगतेय, कारण गुरुजी गेले आणि हे माहीत असलेलं माझ्याकडचं दुसरं माणूस उरलं नाही.

हैबतीचं घर दोन खणांचं, पुढे शेणानं सारवलेली ओसरी. हैबती ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसला होता. आम्हाला बघून त्यानं 'या' म्हटलं नाही, उठलाही नाही. हौसाबाईंनी घोंगडी अंथरली, चहा ठेवला, कपबश्या आणून मांडल्या. मग त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"माझी मंदा ह्यास्नी आण्णा म्हनायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या गोष्टीतली आबा म्हनतीया."

मी त्या शब्दाला दोन्ही हातांनी धरलं. "मग ती दुसरीच कुणी असेल, मावशी. अशा किती तरी..."

"न्हाई. पट्टीचं नाव निघालं तवा तुमचं त्वांड बगितलं म्या." त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. "पट्टी म्याच दिल्याल्या खनाची व्हती. पंचमीला धाडला व्हता. ऱ्हाऊ द्या त्ये. मला एकच सांगा. निरोप आला व्हता का हितं?"

मी हैबतीकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती, तेवढी मला दिसत होती. मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. या माणसानं आपल्या बायकोपासून काहीतरी लपवलंय आणि मी ते आज भर देवळात, सगळ्या गावासमोर, आवाज खालीवर करून सांगितलंय. या दोघांचा संसार आपल्या एका शब्दावर टांगलाय, असं वाटलं, आणि त्या क्षणी मला फक्त त्याला वाचवायचं होतं. सोय अशी, की त्यासाठी मला खोटं बोलायची गरज नव्हती. खरंच सांगायचं होतं.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "मला निरोपाचं काहीही माहीत नाही. ते मी बनवलंय."

"बनवलंय म्हंजी?"

"मनानं घातलंय. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की साप चावला, देवळात ठेवली, उशिरा आणली. सासू, पाला, निरोप, हे सगळं माझं आहे."

"का म्हून?"

हे सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी पुढे आयुष्यात कशाची वाटली नाही. "बायका मधेच उठून जायच्या. त्या बसाव्यात म्हणून."

हौसाबाईंनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी मान खाली घालून होकार दिला.

"नोंद हाय म्हनालासा की देवळात."

"ते खोटं बोलले मी."

मला वाटलं, आता शिव्या देतील, हाकलून देतील. द्यायलाच हव्या होत्या. पण त्यांचे खांदे सैल झाले आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "लई बरं झालं. देवळात तुमी निरोप म्हनालासा आनि माझ्या पोटात गोळाच आला बगा. चार वर्सं झाली, त्या घरचं पानी पिनार न्हाई म्हनून मारुतीच्या पायाला हात लावलाय म्या. लेक माझी सकाळधरनं दुपारपातूर देवळात पडली आनि त्यास्नी एक मानूस धाडता आला न्हाई? जावाय दोनदा आला दारात. उभा केला न्हाई. नात हाय मला. मंदा गेली तवा दीड वर्साची व्हती. आता सहावं लागलं आसंल. त्वांड बगितलं न्हाई अजून." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हनलं, निरोप आला आसंल तर म्या उगाच त्या लेकराला टाकलं का काय. पर तुमी बनवलंय म्हनता. खोटं हाय त्ये बरं हाय."

नातीचं मला कुठं माहीत होतं? मी एका माणसाला वाचवायला गेले आणि त्याच वाक्यानं एका आजीला तिच्या नातीपासून कायमचं तोडलं असतं. आता काय बोलायचं? बनवलंय हे तर खरंच होतं.

"खोटं न्हाई त्ये," हैबती म्हणाला.

तो आमच्याकडे वळला नव्हता. अंगणाकडे बघूनच बोलला.

"आवं, ताई म्हनत्यात न्हवं बनवलंय म्हनून," हौसाबाई म्हणाल्या.

"ताईंनी बनवलं आसंल. पर आला व्हता निरोप. तिचा धाकला दीर आला व्हता. सायकलवरच."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. गुरुजींनी हातातली बशी खाली ठेवली.

"कवा?" हौसाबाईंचा आवाज अगदी साधा होता.

"धाचा सुमार आसंल. तू वरच्या रानात गेलीवतीस शेंगा तोडाया. म्या हिरीवर व्हतो. त्यो आला, सायकल बांधाला टेकवली. म्हनला, वैनीला जरा बरं न्हाई, तुमास्नी बोलावलंय. साप म्हनला न्हाई त्यो. एकदा सुदिक म्हनला न्हाई." हैबती थांबून थांबून बोलत होता. "त्याआदी तीनदा बोलावलं व्हतं तसंच. तिन्ही डाव धावत गेलो. कवा तिची सासू कावलीया, कवा तिला घरची सय आलीया. लाइट आठ दिसानं आली व्हती. भिजवायचं व्हतं. म्हनलं, उद्या येतो."

"त्यो काय म्हनला?"

"उलीसा थांबला. म्हनला, आजच चला की, मामा. म्या म्हनलं, उद्या. मंग त्यो गेला." मग म्हणाला, "त्याला पानी बी इच्यारलं न्हाई."

सायकल, 'जरा बरं न्हाई', 'उद्या येतो', एकेक शब्द मी तिकडं दूर एका गावात, बायका उठायला लागल्या म्हणून, तोंडाला येईल तसा जुळवला होता. आणि हा माणूस तेच शब्द चार वर्षं पोटात घेऊन इथं राहत होता. मी त्याला काही सांगितलंच नव्हतं, त्याचंच त्याला ऐकवलं होतं.

"सांजच्याला मातीसाठी न्ह्याया जीप आली, तवा मी इच्यारलं तुमास्नी," हौसाबाई म्हणाल्या. "कुनी आलं व्हतं का सांगाया म्हनून."

"व्हय."

"न्हाई म्हनालासा."

"व्हय."

"चार वर्सं त्यास्नी शिव्या दिल्या म्या. रोज. नातीसाठी रडायची तवा तुमी शेजारी व्हतासा."

हैबतीनं यावर व्हय म्हटलं नाही. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि मोकळ्या डोक्यानं तसाच बसून राहिला. त्या दोघांच्या मधून उठून जावं, एसटी गाठावी, असं मला वाटत होतं. हौसाबाई ना रडल्या, ना त्याच्यावर ओरडल्या. त्या त्याच्याकडे बघेनातच. त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, ती देवळाच्या दाराकडं त्वांड करून पडली व्हती म्हनालासा. वाट बगत."

"ते नाही, मावशी," मी घाईघाईनं म्हणाले. "ते खरंच मी बनवलंय. शपथ घेऊन सांगते. ती कशी पडली होती, काय बोलली, कुणाला हाक मारली, मला काही म्हणजे काही माहीत नाही. नागाच्या विषानं बोलताही येत नाही. ती शुद्धीवर नसेलही."

"निरोपबी तुमी बनवलाच व्हता न्हवं?"

"हो."

"मग ह्येबी खरंच आसंल," त्या म्हणाल्या, आणि कपबश्या गोळा करून आत गेल्या.